गोदूआत्या

"डोळ्यांनी ओढू नकोस," दादा म्हणाला. "किती वेळा सांगायचं तुला?"

मी रॉड खाली केला. होडीपासून वीसेक हातांवर पाणी अजून गोल फिरत होतं आणि त्याच्या मधोमध गोदूआत्या काहीच न झाल्यासारखी तरंगत होती. क्षणापूर्वी तिथेच पाणी फुटलं होतं. कुणी वरून धोंडा टाकावा तसा आवाज झाला, मी दचकलो आणि सगळी ताकद लावून रॉड मागे खेचला. माशाने तोंड मिटायच्या आत त्याच्या तोंडातला घास मी काढून घेतला होता.

"एवढा मोठा आवाज झाला, दादा."

"आवाज होणारच. तो तोंड मारतो तेव्हा पाणी उडतं. त्या वेळी आमिष त्याच्या तोंडात असेल, नाहीतर नसेलही. तू दिसलं की ओढतोस. दिसू दे, ऐकू येऊ दे, तू आपलं रीळ फिरवत राहा. हाताला वजन लागलं की मग ओढ."

"आणि लागलंच नाही तर?"

"तर तो परत येतो. ओढलंस तर येत नाही."

गोदूआत्या म्हणजे दादाचं लाकडी आमिष. वीतभर लांब, लाल डोकं, पांढरं पोट, दोन्ही बाजूंना पत्र्याचे दोन पंख आणि पोटाखाली तीन-तीन टोकांचे दोन गळ. दोरी गुंडाळायला लागलं की पंख आळीपाळीने पाण्यावर आपटायचे आणि ती डुलत डुलत पुढे यायची, प्लॉप, प्लॉप, प्लॉप. रोह्याला आमची गोदूआत्या देवळात जाताना अगदी अशीच चालायची, म्हणून दादाने हे नाव ठेवलं होतं. एका म्हाताऱ्याने घर आवरताना काढलेल्या जुन्या सामानात त्याला ते मिळालं होतं. नवी प्लास्टिकची आमिषं त्याच्या पेटीत पन्नासएक होती, पण वारा नसला की पेटीतून निघायची ती गोदूआत्याच.

हे सगळं मस्की नावाच्या माशासाठी. हा मासा काखेपासून हाताच्या बोटांच्या टोकापर्यंत लांब, कधी त्याहूनही मोठा, जबडा सुसरीचा आणि स्वभाव आमच्या घराण्याचा. दिवसभर गळ टाकत राहिलं तरी तो येईलच असं नाही. आला तर होडीपर्यंत आमिषाच्या मागे मागे येतो, बघतो आणि निघून जातो. आणि एवढं करून पकडलाच तर त्याला परत पाण्यात सोडून द्यायचं. आम्ही चौबळ, सीकेपी. आमच्या घरात मासा सोडून दिल्याचं कुणी ऐकलं असतं तर गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती. पण दादा वीस वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये राहून बिघडला होता.

ही गोष्ट १९९३ च्या ऑगस्टमधली. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात एक पत्र होतं.

पत्र रोह्याच्या तांत्रिक शाळेचं होतं. फिटर शिकवायला मास्तर हवा होता, एक तारखेला हजर व्हायचं होतं. मी अर्ज केल्याचं घरात कुणाला ठाऊक नव्हतं. एकोणीस तारखेच्या विमानाचं तिकीटही काढून झालं होतं. राहिलं होतं ते फक्त दादाला सांगणं, आणि त्या रविवारी ते सांगायचंच होतं. कारण सोमवारी बोर्ड लागणार होता.

दादाचा हत्यारांना धार लावायचा लहानसा कारखाना होता. आसपासच्या लाकडाच्या गिरण्यांची पाती आमच्याकडे यायची. त्याने मला तिथे बोलावून घेतलं त्याला सव्वादोन वर्षं झाली होती. कारखान्यासाठी नवा बोर्ड रंगवून आला होता, 'चौबळ ब्रदर्स'. शुक्रवारी त्याने तो मला दाखवला. मी म्हणालो, "छान आहे."

दुसरं काय म्हणणार? मी सात वर्षांचा असताना बाबा गेले. दादा तेव्हा वीस वर्षांचा. माझी मुंज, माझी शाळा, माझा डिप्लोमा, सगळं त्यानेच केलं. अमेरिकेतून दर पंधरवड्याला त्याचं पत्र यायचं, त्यात माझ्या मार्कांची चौकशी असायची. असल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या घराच्या तळघरात मी राहत होतो. तिथे छताला लागून एक खिडकी होती, तिच्यातून गवताची मुळं दिसायची आणि हिवाळ्यात तीही दिसायची नाहीत. वहिनी दोन वेळचं गरम जेवायला वाढायची. कुणी मला एका शब्दाने दुखावलं नव्हतं. दुखावलं असतं तर बरं झालं असतं, निघायला निमित्त मिळालं असतं.

"टाक परत," दादा म्हणाला.

"तू टाक की. मी मघापासून टाकतोय."

"तुला शिकायचंय. मला येतं."

तो मागच्या बाकावर बसला होता, उजवा हात जाकिटाच्या खिशात घालून, गावच्या खोतासारखा. गेलं वर्षभर त्याचं हेच चाललं होतं. कारखान्यात तो टेबलामागे बसायचा आणि यंत्रावर मला उभं करायचा. आज सकाळी गाडीही मीच चालवली होती. होडी पाण्यात मी ढकलली, दोरीला गोदूआत्या मी बांधली. थर्मासमधला चहासुद्धा त्याने मला ओतायला लावला आणि वर म्हणाला, "अर्धाच कप." मला वाटलं, मालक झालाय. मला इथे रुजवायचा त्याचा हा बेत आहे, एकेक काम माझ्या गळ्यात अडकवतोय. राग यायचा आणि राग आल्याची लाजही वाटायची.

आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. पाणी तेलासारखं गप्प होतं. चारही बाजूंना काळे सूचिपर्णी वृक्ष, मधे तळं, तळ्यात होडी आणि होडीत आम्ही दोघं. उठून बाहेर जाता येईल असं काही नव्हतं. मी गोदूआत्या फेकली. प्लॉप, प्लॉप, प्लॉप. ती होडीजवळ आली की रॉडचं टोक पाण्यात घालून आठचा आकडा काढायचा, दर वेळी, कंटाळा न करता. मागून येणारा मासा कधीकधी तिथे फसतो.

"दादा," मी म्हणालो.

"हं."

"ते सोमवारचं..."

"काय सोमवारचं?"

"शिडी लागेल मोठी. बोर्डाला."

"शेजारच्या गॅरेजवाल्याला सांगितलीय."

मी आठचा आकडा काढला आणि परत फेकली. असं सकाळपासून चार वेळा झालं होतं. दर वेळी तोंडापर्यंत आलेलं मी गिळत होतो. एकदा तर त्यानेच विचारलं, "काही सांगायचंय का?" तर मी म्हणालो, "चहा आहे का अजून?"

साडेदहा-अकराच्या सुमारास आम्ही पाणवेलींच्या कडेला आलो. मी फेकली. गोदूआत्या वेलींच्या काठाने डुलत निघाली. होडीपासून तीन-चार हातांवर आली आणि मला तिच्या मागे पाण्याखाली काहीतरी दिसलं. आधी वाटलं ओंडका आहे. मग तो ओंडका वळला.

"दादा..."

"दिसलाय मला. फिरवत राहा."

पाणी फुटलं. माझ्या तोंडावर उडालं. मी डोळे मिटले, खरं सांगतो, भीतीने मिटले, आणि म्हणूनच ओढलं नाही. रीळ अर्धा वेढा फिरलं आणि मग हाताला असं वजन लागलं की रॉड होडीच्या काठावर आपटला.

"आता!" दादा ओरडला.

मी ओढलं.

पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मासा होडीखाली गेला, परत आला, एकदा अख्खा पाण्याबाहेर उडाला. दादा ओरडत होता, "सैल सोड! आता धर!" शेवटी त्याने कडेने मोठी जाळी पाण्यात धरली, डाव्या हाताने आणि गुडघ्याने दाबून, आणि मी मासा त्यात आणला. चार फुटांचा तरी असेल. जाळीत, पाण्यातच, तो कल्ले उघडत मिटत पडला होता. गोदूआत्याचा पुढचा गळ त्याच्या जबड्याच्या कडेला घुसला होता. मागचा मोकळा होता.

"लांब चिमट्याने काढ," दादा म्हणाला. "हात घालू नको."

पण माझ्या हातांना कुठे ठाऊक होतं सोडायचा मासा कसा धरतात? लहानपणापासून बाजारात एकच शिकलो होतो, मोठा मासा दिसला की कल्ल्यामागे घट्ट धरायचा, निसटता कामा नये. मी उजवा हात घातला आणि धरला. माशाने अंग झाडलं. गोदूआत्या गर्रकन फिरली आणि तिचा मोकळा गळ माझ्या अंगठ्याखालच्या मांसात शिरला. शिरला तो पार आत, टोकाच्या उलट्या काट्यासकट.

मी किंचाळलो. माशाने परत अंग झाडलं आणि माझा हात त्याच्याबरोबर ओढला गेला. लाकडाच्या त्या वीतभर तुकड्याच्या एका टोकाला तो होता आणि दुसऱ्या टोकाला मी. तो हलला की मला हलावं लागत होतं. मी ओणवा, हात खांद्यापर्यंत पाण्यात, गाल होडीच्या काठाला. माशाचा एक डोळा मला दिसत होता.

"हलू नकोस," दादा म्हणाला. "पेटीत तार तोडायची मोठी पक्कड आहे. काढतो."

"काढ लवकर! दादा, काढ!"

"काढतोय."

"किती वेळ लावतोस!"

पेटी आपटल्याचा आवाज आला, आमिषं होडीत सांडली. माशाने परत अंग झाडलं, आणि त्या कळेबरोबर माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. ठरवून नाही. सकाळपासून शब्द जुळवत होतो त्यातला एकही त्यात नव्हता.

"मी परत जातोय! मला नाही राहायचं इथे! तिकीट काढलंय मी, एकोणीसचं. बोर्ड नको लावूस, दादा. मला श्वास घेता येत नाही तुझ्या घरात!"

दादा माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि त्याने पक्कड पुढे केली.

तेव्हा मी त्याचा उजवा हात पाहिला.

तो थरथरत होता. थंडीने थरथरतो तसा नाही. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी सारखी हलत होती, आणि पक्कड गळाच्या तारेजवळ नेली की टोक इकडून तिकडे जायचं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं, तरी थांबेना. पातं माझ्या कातडीला लागलं. तो मागे सरला.

हा हात पात्याला केसभर धार लावायचा. रोह्याला याच हाताने माझ्या पाटीवर पहिला श्री काढला होता.

"दादा, हे कधीपासून?"

"नंतर," तो म्हणाला. "तुझा डावा हात मोकळा आहे ना? एक दांडा तू धर. एक मी धरतो. आधी माशाचा गळ."

"माझा हात आधी काढ की!"

"तो मोकळा झाला की तुझा हात आपोआप थांबेल. आणि तू काही लगेच मरत नाहीस."

मी डाव्या हाताने पकडीचा एक दांडा धरला, दुसरा त्याने दोन्ही हातांनी. त्याचा कंप दांड्यातून माझ्या हातात येत होता. दोनदा पक्कड घसरली. तिसऱ्यांदा तार सापडली, आम्ही दोघांनी दाबलं आणि कट्कन तुटली. मग माझ्या बाजूची. मी हात वर घेतला. अंगठ्याखाली तुटक्या गळाचं टोक आत राहिलं होतं, रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो माशाची शेपूट धरून ओणवा झाला होता, मासा पाण्यात सरळ राहावा म्हणून. मासा दमला होता, एका कुशीला कलंडत होता. दादा त्याला थोपटत बसला. थरथरत्या हाताने थोपटत होता. बऱ्याच वेळाने माशाने कल्ले जोरात उघडले, शेपटीचा एक फटका दिला आणि गेला.

"आता दवाखाना," दादा म्हणाला.

काठावर आल्यावर दुसरी पंचाईत. गाडी कोण चालवणार? माझ्या हाताला त्याचा रुमाल गुंडाळलेला, आणि त्याच्या हाताचं हे असं. शेवटी मी डाव्या हाताने स्टिअरिंग धरलं. गिअर त्याने टाकला. त्यावर दोघांनाही हसू आलं आणि लगेच थांबलं.

"वर्ष झालं," तो समोर बघत म्हणाला. "डॉक्टर म्हणतात वाढत जाईल. तुझ्या वहिनीला ठाऊक आहे. तुला सांगू नको, असं मीच म्हटलं होतं."

मला वर्षभराचा एकेक दिवस आठवायला लागला. टेबलामागचा दादा. अर्धा कप चहा. खिशातला हात. मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं!

"तिकीट रद्द करतो," मी म्हणालो. "उद्याच करतो. मला माहीत नव्हतं, दादा. मी कुठे जात नाही."

"गाडी बाजूला घे."

"काय?"

"बाजूला घे."

मी गाडी कडेला घेतली. त्याने गिअर काढला.

"रोह्याहून पत्र आलं ते मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "टपालाची पेटी मीच उघडतो. उघडून वाचलं नाही, पण पाकिटावर शाळेचा शिक्का होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी बोर्ड रंगवायला टाकला."

मी रुमालाची गाठ दातांनी घट्ट केली.

"तू जाणार असं दिसलं आणि मी ओढलं," तो म्हणाला. "तुला सकाळपासून शिकवतोय आणि स्वतः तेच केलं. आता तूही तेच करतोयस. माझा हात दिसला, लगेच तिकीट रद्द. दिसलं म्हणून ओढायचं नाही, शिऱ्या. असा राहिलास तर मला रोज तुझं तोंड बघावं लागेल, आणि ते सव्वादोन वर्षं बघितलंय मी."

"मग काय करू?"

"एकोणीसला जा."

"आणि तू?"

"मी आहे इथे. कुठे जातोय?" त्याने गिअर टाकला. "चल. रक्त सीटवर पडतंय."

मी एकोणीसला गेलो. विमानतळावर दादाने हात खिशातून काढून माझ्या डोक्यावर ठेवला, थरथरत होता तसाच, आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. बोर्ड लागला नाही. कारखाना त्याने पुढच्या वर्षी विकला.

रोह्याच्या शाळेत मी मुलांना लोखंड घासायची कानस धरायला शिकवू लागलो. तिथे मला श्वास घेता आला, हे खोटं नाही. दर रविवारी फोन व्हायचा. ये असं दादा कधी म्हणाला नाही. मीही येतो म्हणालो नाही. चार वर्षं गेली. मग एका रविवारी फोनवर वहिनीच बोलली.

"त्यांचा आवाज आता फोनवर ऐकू जात नाही, भाऊजी," ती म्हणाली. "जेवण मी भरवते. तुम्हाला काही सांगू नको म्हणालेत. मी आपलं हवापाणी सांगायला फोन केलाय असं समजा."

मी फोन ठेवला आणि ओसरीवर बसलो. कुणी मला बोलावलं नव्हतं, कुणी धरलं नव्हतं. मी रडलो नाही की धावपळ केली नाही. तीन आठवडे रोज वर्गात गेलो, घरी आलो, जेवलो, झोपलो. चौथ्या सोमवारी वर्गात एका मुलाच्या हातावर हात ठेवून कानस चालवून दाखवत होतो, तोच घंटा झाली. मुलगा गेला, पण माझा हात तिथेच राहिला, वजन लागल्यासारखा. त्या संध्याकाळी जाऊन मी तिकीट काढलं, मेच्या सुट्टीचं, येण्याजाण्याचं.

जूनच्या पहिल्या रविवारी दादाला उचलून होडीत बसवलं. मागच्या बाकाला पाठ टेकता येईल अशी खुर्ची लावली, पट्टा बांधला. तो अंगाने अर्ध्यावर आला होता, पण डोळे तेच होते. पेटी उघडली तर वर गोदूआत्या. पुढचा आणि मागचा गळ त्याने नवा लावून घेतला होता. रंग मात्र जुनाच होता, एका बाजूला त्या दिवशी माझ्या नखांनी खरवडलेला.

वारा नव्हता. पाणवेलींच्या कडेने मी फेकत होतो. प्लॉप, प्लॉप, प्लॉप. दादाचे डोळे तिच्याबरोबर फिरत होते. तासाभराने पाणी फुटलं.

मी ओढलं नाही. रीळ फिरवत राहिलो, एक वेढा, दोन वेढे, आणि मग वजन आलं. मी रॉड उचलला, मागे सरकलो आणि मूठ दादाच्या हातात दिली. त्याच्या हातावर माझा हात धरला. दोरी ताणली गेली आणि सगळा रॉड थरथरायला लागला. त्यातली किती थरथर माशाची होती आणि किती दादाची, ते मला कळेना.

दादाचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"लागलं?" तो विचारत होता.

"लागलं," मी म्हणालो.